एका फेरीत एकच वाक्य

लाल दिवा लागलेला असला की रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार उघडायचं नाही, हे आमच्याकडे झाडणाऱ्या मावशींपासून मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

मी वाचत होते. समुद्राकाठच्या दीपगृहात एकटाच राहणाऱ्या एका राखणदाराची कादंबरी होती. दार कुरकुरलं आणि खांद्याला बॅग अडकवलेला एक उंच मुलगा अर्धा आत, अर्धा बाहेर असा थबकला. त्याने दिव्याकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि तिथेच त्याचा दगड झाला. पुढे यावं तर पाऊल वाजणार, मागे जावं तर दार पुन्हा बोंब मारणार. दाराची पहिली कुरकूर नेमकी दोन वाक्यांच्या मधे पडली होती, ती नंतर कापता आली असती. म्हणून मीही थांबले नाही. डोळ्यांनी त्याला म्हटलं, आता हलू नकोस. त्याने डोळ्यांनीच म्हटलं, बरं.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण एक माशी आली. ती थेट त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बसली. हात हलवायची सोय नव्हती, म्हणून तो खालचा ओठ पुढे काढून हळूच वर फुंकर मारायला लागला. माशी ढिम्म. राखणदार वादळात दिवा सांभाळत होता, इकडे हा फुंकर मारत होता — आणि मी फस्सकन हसले. एकदा हसले की मला आवरत नाही.

"आता हे पान पहिल्यापासून," मी डोळे पुसत म्हणाले.

"सॉरी," तो म्हणाला. मग बराच विचार करून, "कॉम्प्युटरची खोली?"

"तळमजल्यावर."

तो गेला. दार कुरकुरलं. मशीन चालूच होतं हे माझ्या नंतर लक्षात आलं. ते वाया गेलेलं पान मी टाकाऊच्या गठ्ठ्यात ढकललं आणि विसरून गेले.

आता माझ्याबद्दल. मला घरीदारी सगळे भिंगरी म्हणतात. पायाला भिंगरी लागलेली, म्हणून. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ठेवायची, ही माझी नोकरी. बसून करायचं काम माझ्यासारखीला कुणी दिलं, असा प्रश्न आईला अजून पडतो. आईचं म्हणणं, हिला पाणी आण म्हटलं तर आधी भांडं आणेल, मग परत जाऊन पाणी आणेल. खोटं नाही ते. मला एका फेरीत एकच गोष्ट सुचते. बाजारात जाऊन येते, चपला काढते, आणि मग लिंबू राहिलं हे आठवतं.

त्या दिवसांत आमच्या ग्रंथालयात सगळ्यांच्याच डोक्याला ताप होता. बाईंनी वाचकांना शब्द दिला होता की महिनाअखेरीच्या आत प्रत्येकाच्या हातात एक छोटं, खिशात मावणारं यंत्र पडेल आणि त्यात आमची सगळी पुस्तकं असतील. यंत्रं आली होती. पुस्तकं मात्र जुन्या रेकॉर्डिंगमधली, मागे पंख्याची घरघर, कुठे भिंतीपलीकडची खोकल्याची उबळ. ती साफ करून, लहान आकारात करून भरायची होती. पानागणिक एक फाइल, आणि अशी पानं म्हणजे मुंग्यांचं वारूळ. आधीच्या माणसाने त्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने ओळीने काय काय करायचं त्याची यादी, लिहून ठेवली होती, पण ती अशी रेंगाळत चालली होती की महिनाअखेर सोडा, पुढचा उन्हाळा उजाडला असता. म्हणून बाईंनी ह्याला बोलावलं होतं.

तो फारसा बोलायचाच नाही. विचारलं तेवढंच उत्तर, तेही हातचं राखून. दुसऱ्याच दिवशी ऑफिसने त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. त्याला ते कळलं, तो हसला आणि तेच नाव चालू राहिलं.

मला काही चैन पडेना. बाहेर आभाळ भरून यायचं, पाऊस येतो येतो म्हणायचा आणि यायचा नाही. आणि ज्या म्हाताऱ्या मास्तरांना पहिलं यंत्र मिळणार होतं ते रोज फोन करून विचारायचे, पोरी, माझं दीपगृह कधी येणार? त्यांना ती कादंबरी लहानपणी कुणीतरी अर्धीच वाचून दाखवली होती. शेवट ऐकायचा राहिला होता. त्यांचा फोन ठेवला की मी जिने उतरून खाली.

"किती झालं?"

"होतंय."

वर यायचे, एक पान वाचायचे, की पुन्हा काहीतरी आठवायचं. पुन्हा खाली. जुन्या कॅसेटवरची पुस्तकं आधी घेणार की नंतर? वर. पुन्हा खाली. मधे लाइट गेली तर केलेलं काम पुसलं जातं का? मी आले की त्याची बोटं की-बोर्डवरून उचलली जायची, तो खुर्ची वळवायचा, उत्तर द्यायचा आणि मी जिन्याकडे वळेपर्यंत बघत राहायचा. का बघतो, हे मी स्वतःला विचारत नव्हते. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

एकदा मी कंटाळून त्याच्या शेजारच्या स्टुलावरच बसले आणि म्हटलं, मला समजेल असं सांगा, हे एवढं गोगलगायीसारखं का चाललंय? यंत्र म्हातारं झालंय का?

"यंत्र चांगलं आहे," तो म्हणाला. त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. एक पान आलं. साफ करणारा प्रोग्रॅम सुरू झाला. घरघर कशी ओळखायची, खोकला कसा ओळखायचा, ही सगळी माहिती त्याने डोक्यात भरून घेतली. त्यात वेळ गेला. मग पान साफ केलं, ते चुटकीसरशी. आणि बंद झाला. सगळं विसरला."

"मग?"

"मग दुसरं पान आलं. पुन्हा सुरू झाला. पुन्हा सगळं डोक्यात भरलं. एक पान. बंद."

मी हसायला लागले. "म्हणजे हा माझ्यासारखाच की. साडी बदला, कुलूप लावा, दुकानात जा, लिंबू आणा, कुलूप उघडा, साडी बदला. मग साखर संपली हे आठवा. पुन्हा साडी, पुन्हा कुलूप."

"हो," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "तुमच्यावरूनच लक्षात आलं. तुम्ही जिन्यावरून... म्हणजे... एकेका प्रश्नासाठी..."

"म्हणजे मी गोगलगाय?"

"नाही. तुम्ही वेगात येता. फेऱ्या फार होतात, एवढंच."

त्याने मग स्क्रिप्ट बदलली. प्रोग्रॅम एकदाच सुरू करायचा, शहाणपण एकदाच डोक्यात भरायचं आणि अख्ख्या पुस्तकाची पानं त्याच्यापुढे एकगठ्ठा ठेवायची. संपूर्ण पुस्तक होईपर्यंत त्याने बंद व्हायचंच नाही. मी शेजारी उभी होते. त्याने एंटर दाबलं आणि एरवी ठिबकणारे आकडे नळ सोडल्यासारखे पडद्यावरून धावायला लागले. मला इतका आनंद झाला की मी त्याचा दंड धरून हलवला. मग सोडला. मग कुठे बघावं ते दोघांनाही कळेना. तो पडद्याकडे बघत होता, पण वाचत नव्हता. डोळे एकाच जागी होते.

बाईंनी सगळ्यांना कॉफी पाजली. मास्तरांना मी स्वतः फोन करून सांगितलं की तुमचं दीपगृह निघालंय, वाटेत आहे. सगळं छान झालं होतं. तिथे मी थांबायला हवं होतं. पण मी कुठली थांबते... संध्याकाळी निघताना उगाच काहीतरी निमित्त काढून खाली गेले. निमित्त काय होतं तेही आता आठवत नाही.

त्याने खुर्ची वळवली. घसा खाकरला. "एक सांगू? तुम्ही तुमचे प्रश्न साठवून ठेवलेत आणि दिवसातून एकदाच आलात, तर बरं होईल. तुम्ही येऊन गेलात की मला पुन्हा कामाला लागायला फार वेळ जातो."

अंगावर गार पाणी ओतल्यासारखं झालं. मी म्हटलं, बरोबर आहे, चुकलंच माझं. अगदी गोड आवाजात म्हटलं. आवाजाचीच तर नोकरी माझी.

त्यानंतर मी जिन्याकडे पाठ केली. मनात प्रश्न साचायचे, मी ते साचू द्यायचे. संध्याकाळी एकदाच जायचे, उभ्या उभ्या सगळे घडाघडा म्हणून दाखवायचे, तो उत्तरं द्यायचा, संपलं. काम पटापट होत होतं. माझं मात्र कशात लक्ष लागेना. खुर्चीत बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कुठे जावं ते कळायचं नाही. एकच ओळ तीनतीनदा चुकायची. दोन-तीनदा तर तोच वरच्या मजल्यावर आलेला दिसला. पाणी प्यायला, म्हणाला. खाली पाण्याचा नळ आहे, मी म्हटलं. हो, म्हणाला, आणि पाणी न पिताच गेला.

आणि मग बाईंनी सहज, यंत्रं मोजता मोजता सांगितलं. मौनीबाबाचं काम आटोपतच आलं, या शुक्रवारी तो निघणार. दूरच्या गावी त्याची कायमची नोकरी ठरलेली आहे, ते लोक कधीचे वाट बघताहेत. आपलं काम लांबलं असतं तर महिनाअखेरपर्यंत राहिला असता बिचारा. बरं झालं, लवकर सुटला.

मी पायरीवर बसले. बसले, हे महत्त्वाचं, कारण मी अशी बसत नाही. रोज खाली जाऊन 'कधी होणार, कधी होणार' असा धोशा कुणी लावला होता? मीच. लिंबू-साखरेची गोष्ट कुणी सांगितली? मीच. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. तो मला आवडत होता. स्पष्टच सांगते, मला तो फार आवडत होता, आणि माझ्याच घाईने त्याचे इथले दिवस निम्मे झाले होते.

घरी मी भांडी आपटली. बाबा वर्तमानपत्रामागे होते. आमचे बाबा आठवडाभराचं बोलणं साठवतात आणि रविवारी दुपारच्या जेवणानंतर एकदम बोलून टाकतात. घरखर्चापासून कौतुकापर्यंत सगळं एका बैठकीत. मी लहानपणापासून त्याची चेष्टा करत आले आहे. त्या दिवशी आई माझ्या हातातलं भांडं काढून घेत हळूच म्हणाली, "त्यांना तेवढं पुरतं गं. मला पुरायचं नाही. मला रोज थोडं थोडं हवं होतं. पण मी कधी मागितलं नाही, आणि न मागता कोण देतं?"

वर्तमानपत्र जरासं खाली आलं. मग पुन्हा वर गेलं.

शुक्रवार आला. सकाळपासून आभाळ गच्च. माझ्याच आवाजातली दीपगृहाची कादंबरी तेवढी राहिली होती, तीही खाली सुरू करून ठेवली होती. ती आपोआप संपणार होती, त्यासाठी थांबायची गरज नव्हती. दुपारच्या बसने तो निघणार होता. मी लाल दिवा लावून आत बसले आणि मिळेल ते पुस्तक उघडून वाचायला लागले.

दार उघडलं. मला ऐकू आलं नाही, नुसता उजेड हलला. दार कुरकुरलंच नाही. कडेला बिजागरीवर तेलाचा ओला डाग चमकत होता. याने तेल कधी घातलं? मी वर पाहिलं. खांद्याला तीच बॅग, अर्धा आत, अर्धा बाहेर. ओठ किंचित उघडलेले.

मी थांबले असते तर तो 'येतो' म्हणाला असता आणि सगळं संपलं असतं. मी वाचत राहिले तर त्याला उभं राहावं लागणार होतं. म्हणून मी वाचत राहिले. परिच्छेद संपला, श्वास न घेता पुढचा घेतला. पान संपलं, पान उलटलं. कसलं पुस्तक होतं देव जाणे, बहुतेक झाडांच्या कलमांबद्दल होतं. त्याने एकदा तोंड उघडलं, मिटलं. घड्याळाकडे पाहिलं. मी आणखी भरभर वाचायला लागले. शेवटी त्याने मान लववली, जशी देवळाबाहेरून जाताना लववतात तशी, आणि दार लावलं. तेल घातलेलं दार. काही आवाज नाही.

मी आणखी अर्धं पान वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि जिन्यावरून धावत खाली गेले. कशाला? सवयीने.

खोली रिकामी. खुर्ची जिन्याच्या बाजूला वळवलेली. पडद्यावर आकडे धावत नव्हते. कादंबरी अर्ध्यावर अडकली होती. एका फाइलपाशी प्रोग्रॅम ठप्प झाला होता आणि तिच्या मागची सगळी पानं रांगेत खोळंबली होती. मास्तरांचा राहिलेला शेवट त्यातच होता. मी फाइलचं नाव पाहिलं. बाकीच्या सगळ्या फाइलींना पानांचे आकडे होते. हिचं नाव होतं 'हसू'.

मी ती वाजवली.

माझंच हसू. माशीवरचं. मग माझा आवाज, आता हे पान पहिल्यापासून. मग त्याचा, सॉरी. मग दाराची कुरकूर. पुढचंमागचं वाचन सगळं कापून टाकलेलं, तेवढंच ठेवलेलं.

भिंतीवर त्याने एक चिठ्ठी डकवली होती, अडलं तर फोन करा. खाली नंबर. मी फोन लावला.

"अडलंय," मी म्हटलं.

"कुठे?"

"दीपगृहात. एका फाइलपाशी. नाव वाचून दाखवू?"

पलीकडे नुसता रस्त्याचा आवाज.

"वाजवलीत?" त्याने विचारलं.

"वाजवली."

"मी दर वेळी स्क्रिप्ट बदलली की आधी त्याच फाइलवर चालवून बघायचो. टाकाऊच्या गठ्ठ्यातून घेतली होती. हाताने कापलेली आहे, त्यामुळे तिच्यात लिहिलेली लांबी एक आणि खरी लांबी दुसरीच. एकटी असली तर चालते, रांगेत आली की प्रोग्रॅम गोंधळतो. आज ती तिथेच राहून गेली... आणि एक अडलं तर ते सोडून पुढे जा, हे सांगायचंही राहिलं. लक्ष नव्हतं."

ती फाइल तिथून कशी काढायची, ते त्याने सांगितलं. दुसरीकडे ठेवा, पुसू नका, हे मात्र दोनदा सांगितलं. मी ठेवली. पुन्हा सुरू केलं. आकडे धावायला लागले. मास्तरांचा शेवट सुटला. आता फोन ठेवायला हवा होता. त्यानेही ठेवला नाही.

"बस?" मी विचारलं.

"आली नाही अजून. नाक्यावरच्या थांब्यावर उभा आहे. इथे थेंब पडायला लागलेत."

"वर दारात काय बोलायचं होतं?"

"बरंच होतं. रात्रभर जुळवलं होतं, सगळं एकदम सांगून टाकायचं म्हणून. पहिलंच वाक्य अडलं. मग मागचं सगळंच..."

"खोळंबलं."

"हो."

मला आईचं भांडं आठवलं. न मागता कोण देतं? मी म्हटलं, "मग एकेक सांगा. एका फोनला एक वाक्य. सांगायचं आणि ठेवायचं. पुढच्या वाक्याला पुन्हा फोन करायचा."

"अहो, किती वेळ जाईल त्यात. दर वेळी नंबर लावा, रिंग वाजू द्या, हॅलो म्हणा..."

"जाऊ दे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तो हातात धरून मी त्या खोलीत फेऱ्या मारायला लागले. खुर्चीला वळसा, खिडकी, पुन्हा खुर्ची. फोन वाजला.

"हॅलो. त्या पहिल्या दिवशी लाल दिवा मला दार उघडायच्या आधीच दिसला होता, पण दाराच्या काचेतून तुम्ही वाचताना दिसलात आणि हात दाराच्या मुठीवर गेला."

ठेवला. मी मटकन खाली बसले, लगेच उठले. फोन वाजला.

"हॅलो. तुम्ही येऊन गेलात की कामाला लागायला वेळ जातो म्हणालो ते खरं होतं, पण का जातो ते तुम्ही विचारलंच नाहीत."

"विचारते की, का—" पण त्याने ठेवला होता. नियम माझाच. पुढचा फोन यायला जरा वेळ लागला. खिडकीच्या गजांवर पाणी साचायला लागलं होतं. वाजला.

"हॅलो. जिन्यावरची तुमची पावलं पुसट होत होत संपेपर्यंत मला एक अक्षर टाइप करता येत नाही, आणि तुम्ही एकदाच यायला लागलात तेव्हापासून तर मी दिवसभर ती पावलं येतात का तेच ऐकत बसतो."

"ही एका वाक्यात दोन झाली," मी म्हटलं. पलीकडे तो हसला. त्याला इतक्या मोकळेपणाने हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. फोन बंद झाला. लगेच वाजला.

"हॅलो. बस आली."

आणि ठेवला.

हे वाक्य होतं का? हे धरायचं का? मी फोन कानालाच लावून उभी राहिले. तो मुका. मी नंबर लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. खिडकीतून नाका दिसत नाही, समोर आडवी भिंत आहे. मी जिना चढले. वरून दिसेल म्हणून गॅलरीत गेले, पाऊस अंगावर आला. थांबा रिकामा, बस वळणावर. तिचा मागचा लाल दिवा लुकलुकला आणि दिसेनासा झाला. मी रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरले, कारण तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही. लाल दिवा लागलेलाच होता, मघाशी घालवायचा राहून गेला होता. दाराकडे पाठ करून मी टेबलाशी उभी राहिले आणि स्वतःला चिक्कार शिव्या दिल्या. एका फोनला एक वाक्य म्हणे. शहाणी. सगळं एकदम सांग म्हटलं असतं तर निदान ऐकून तरी झालं असतं.

"गेली," कुणीतरी म्हणालं.

मी वळले. दार कुरकुरलं नव्हतं. अर्धा आत, अर्धा बाहेर, केसांतून पाणी ठिबकत, धापा टाकत.

"काय गेली?"

"बस."

"फोन का उचलला नाही?"

"पळत होतो." त्याने लाल दिव्याकडे बोट दाखवलं. "आत येऊ का? दिवा लागलाय."

"ये," मी म्हटलं. 'या' म्हणायला हवं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं. तो आत आला.

"पहिलं वाक्य कोणतं होतं?" मी विचारलं. "ते अडलेलं."

त्याने बॅग खाली ठेवली. दोन्ही हात मोकळे केले, जसं काही जड उचलायचं आहे. "मला तू आवडतेस."

बस, एवढंच. एवढंसं वाक्य आणि त्याच्यापायी केवढी खोळंबलेली रांग! मला हसू आलं, तेच, मागचं, न आवरणारं. तो घाबरून बघत राहिला. मी त्याचा ओला दंड धरला, आणि या वेळी सोडला नाही. म्हटलं, मलाही. मीही खाली उगाच येत नव्हते. मला त्यातले निम्मे प्रश्न पडलेच नव्हते.

"निम्मे?" तो म्हणाला.

"बरं, सगळेच."

संध्याकाळच्या बसने त्याला जावं लागणारच होतं. नोकरी ठरलेली, शब्द दिलेला. थांब्यावर आम्ही एका छत्रीत उभे होतो, आणि याने आपला हिशेब मांडला. तिथून इथे यायला अख्खी रात्र जाते, परतायला अख्खी रात्र. म्हणून त्याने ठरवलं होतं, सुट्ट्या साठवायच्या. मधे यायचंच नाही. मग एकदम पंधरवडाभर येऊन राहायचं. प्रवासाचा वेळ वाचतो, असं तो अगदी उत्साहाने सांगत होता.

"नाही," मी म्हटलं. "दर रविवारी ये."

"अगं, दोन रात्री प्रवासात आणि एक दिवस भेट. भेटीपेक्षा जाण्यायेण्यातच जास्त वेळ."

"असू दे."

"दर वेळी बॅग भरा, तिकीट काढा, उतरल्यावर पहिला अर्धा तास मला काही बोलायलाच सुचणार नाही, तुला माहीत आहे..."

"दर वेळी नव्याने सुरू कर. मला रोज थोडं थोडं हवं होतं, असं उद्या म्हातारपणी भांडी घासताना म्हणायचं नाहीये मला."

भांडी कुठून आली ते त्याला कळलं नाही. पण उरलेलं कळलं. तो छत्रीच्या दांड्यावर माझ्या हाताशेजारी हात ठेवून गप्प उभा राहिला, आणि या वेळच्या त्याच्या गप्प राहण्याचं मला काही वाटलं नाही.

बस आली. पायरीवर चढता चढता तो वळला. "अजून पुष्कळ वाक्यं राहिलीत. सांगून टाकू का?"

मागचे लोक खोळंबले होते. कंडक्टर ओरडत होता. एरवी मी म्हटलं असतं, सांग, आत्ताच, सगळी. तोंडावर आलंही होतं.

"एकच," मी म्हटलं. "बाकीची रविवारी."

त्याने क्षणभर विचार केला. कोणतं निवडावं हे ठरत नसावं.

"जिना उतरताना सावकाश येत जा," तो म्हणाला. "शेवटची पायरी उंच आहे."